जी गाडी अजून दारात आली नाही, तिचं नुसतं पेट्रोल मोजू नका

पत्र

नमस्कार. काही महिन्यांपूर्वी मी नव्या नोकरीत रुजू झाले. ऑफिस घरापासून १४ किलोमीटरवर आहे. माझी स्कूटर आता थकली आहे. मेकॅनिक म्हणतो, जवळपास फिरवा, पण रोज २८ किलोमीटर हिच्याच्यानं व्हायचं नाही. नवी घ्यायचं चाललं होतं, तर सासरे म्हणाले, "बस असताना हप्ते कशाला? आम्ही हयातभर बसनंच नोकरी केली." मिस्टर म्हणतात, वेळ म्हणजे पैसा, बसमध्ये रोजचा तास फुकट जाईल. मी कागदावर हिशोब मांडला, तर महिन्याचं पेट्रोल बसच्या तिकिटांपेक्षा थोडं कमीच आलं. मग बस स्वस्त कशी?

तरी बसनं जाऊन पाहिलं. घराजवळच्या स्टॉपवरून मोठ्या चौकात जाणारी बस दर अर्ध्या तासाला आहे. चौकात उतरून दुसरी बस घ्यायची. ती दर ८ मिनिटांनी असते म्हणे. सगळं जुळलं तर तासाभरात पोचते, नाही जुळलं तर दीड तास. दोनदा उशीर झाला आणि साहेबांनी सगळ्यांदेखत घड्याळाकडे पाहिलं. (मिस्टर माझ्यानंतर दहा मिनिटांनी गाडी काढतात आणि त्याच चौकातून पुढे जातात, पण त्यांची दिशा वेगळी.) नवी स्कूटर घ्यावी, की बसची सवय करावी? घरात रोज हाच विषय आहे.

— थांब्यावर तिष्ठणारी

ता. क. बसमध्ये वाचायला घेतलं की मला मळमळतं. काही उपाय?

उत्तर

ताई, तुमच्या कागदावरची बेरीज चुकलेली नाही. चुकीच्या गाडीचा हिशोब मांडलात, एवढंच. पेट्रोल विरुद्ध तिकीट ही तुलना दारात आधीपासून उभ्या असलेल्या गाडीला लागू पडते. तिचे पैसे भरून झालेले असतात, विमा भरलेला असतो, वय वाढेल तशी तिची किंमत उभ्याउभ्याही उतरत असते. ती बाहेर काढली काय आणि झाकून ठेवली काय, यातलं फार थोडं वाचतं. म्हणून गाडीवाल्याला बसचं तिकीट नेहमीच महाग वाटतं, आणि त्याच्या जागी ते बरोबरही असतं. तुमच्या घरच्या चारचाकीसाठी हाच हिशोब मांडा, चालेल.

पण नवी स्कूटर अजून शोरूममध्ये आहे. तिचं पेट्रोल मोजण्याआधी बाकीचं मोजा. तिची किंमत घ्या. सात-आठ वर्षांनी विकताना जे हातात येईल असं वाटतं ते त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला तेवढ्या वर्षांच्या महिन्यांनी भागा. त्यात कर्जाचं व्याज मिळवा. मग वर्षाचा विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, ब्रेक आणि ऑफिसजवळ पार्किंगला पैसे पडत असतील तर तेही. हे सगळं महिन्यावर आणा आणि पेट्रोल शेवटी टाका. पेट्रोल आपल्याला सगळ्यात मोठा खर्च वाटतो, कारण पंपावर ते दर थोड्या दिवसांनी हातातून सुटताना दिसतं. घसारा, म्हणजे गाडीची उतरत जाणारी किंमत, कुणी मागायला येत नाही. तो थेट गाडी विकायच्या दिवशी भेटतो.

हा आकडा आला की त्याच्यासमोर बसचा पास ठेवा आणि महिन्यातून दोन-चारदा टॅक्सी करावी लागेल, तीही धरा. ती धरायचीच. बसनं जाणारा माणूस कधीच टॅक्सी करत नाही असं गृहीत धरून केलेला हिशोब पहिल्याच आठवड्यात मोडतो. मग 'बस आपल्याला परवडत नाही' असं उगाच डोक्यात बसतं.

आता आबांना (तुम्ही काय म्हणता माहीत नाही, मी आपलं आबाच म्हणते) न आवडणारी बाजू. नवी स्कूटर तुम्ही कशीही घेणारच असाल, रविवारसाठी, बाजारासाठी, मुलांच्या क्लाससाठी, तर ऑफिसला बसनं जाऊन फारसं काही वाचणार नाही. हप्ता सुरूच राहील आणि वर पासचे पैसे. बसनं खरी बचत होते ती एक वाहन घेणं टळलं तरच. त्यामुळे 'स्कूटर की बस' याच्याही आधी विचारायचं ते हे: ऑफिस सोडून या स्कूटरला आठवड्यात दुसरं काम काय आहे? ते काम जुन्या स्कूटरवर होत असेल, तर आबांचं पारडं जड आहे.

आणि निर्णयाचा क्रम सांभाळा. आधी स्कूटर घेतली आणि मग 'बसचंही बघू' म्हटलंत, तर बसचं बघणं कधीच होणार नाही. स्कूटर एकदा दारात आली की रोज सकाळी तुमच्यासमोर फक्त पेट्रोल आणि तिकीट उरेल, आणि त्यात पेट्रोलच जिंकेल. तुमचाच कागद तसं सांगतोय.

पासबद्दल थोडक्यात. पासची किंमत भागिले एका फेरीचं तिकीट. जे उत्तर येईल तितक्या फेऱ्यांनंतर पास फायद्यात. समजा पास ३६ फेऱ्यांच्या किमतीचा आहे. महिन्यात २२ दिवस ऑफिस असेल तर ४४ फेऱ्या होतात, पास घ्या. आठवड्यातून दोन दिवस घरून काम असेल तर फेऱ्या २६च्या आसपास येतात. मग सुटी तिकिटंच बरी. काही शहरांत कार्डावर दिवसाची किंवा आठवड्याची कमाल मर्यादा असते. तितके पैसे कापले गेले की पुढचा प्रवास आपोआप फुकट होतो आणि हा हिशोब करावाच लागत नाही. तुम्ही बस बदलता, तेव्हा दुसऱ्या बसला नवं तिकीट लागतं का, हे मुद्दाम विचारा. लंडनमध्ये २०१६पासून पहिल्यांदा कार्ड टेकवल्यावर तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये २००४च्या फेररचनेत बस आणि मेट्रोचं भाडं एकत्र करून एकूण अंतरावर आणलं. तुमच्याकडे अशी सोय असूनही तुम्ही दोन तिकिटं काढत असाल, तर तुमचा कागद आणखी एका जागी चुकतोय.

पैशांचं इतकंच. तुमची खरी अडचण मला पैशांची वाटत नाही. एस्टोनियाच्या टॅलिन शहरानं २०१३मध्ये तिथल्या रहिवाशांना बस आणि ट्राम मोफत केली. प्रवासी वाढले, पण त्यात आधी पायी जाणारे बरेच होते. गाडी सोडून आलेले त्यामानानं कमी. म्हणजे गाडीवाला बसपासून लांब राहतो तो तिकिटामुळे राहत नाही. त्याला स्टॉपवर उभं राहायचं नसतं.

तुम्ही सही काय केलीत ते बघा. 'तिष्ठणारी'. 'प्रवास करणारी' असं काही तुम्ही लिहिलं नाहीत. आणि यात तुम्ही एकट्या नाही. वाहतुकीचे नियोजन करणारे लोक हिशोब करताना स्टॉपवरचं एक मिनिट आणि बसमधलं एक मिनिट सारखं धरत नाहीत. थांबण्याचं मिनिट साधारण दुप्पट जड धरतात, कारण जगभर माणसं वागतातच तशी. वीस मिनिटं बसमध्ये खिडकीशी बसून जातात. दहा मिनिटं रस्त्याच्या कडेला मान वाकडी करून वाट पाहणं संपता संपत नाही. मिस्टर जो 'रोजचा तास' म्हणतात त्यातला किती वेळ बस चालते आणि किती वेळ बस येत नाही, हे वेगळं काढलंत की भांडण अर्ध्यावर येईल.

आता त्या 'दर ८ मिनिटांनी असते म्हणे' मधल्या 'म्हणे'कडे येते. तो शब्द तुमच्या अनुभवातून आलाय. बस दर दहा मिनिटांनी असेल तर कुणीही म्हणेल, सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल. पण समजा बसगाड्या जोडीनं यायला लागल्या. एक गेली, तिच्यामागे दोन मिनिटांत दुसरी, मग अठरा मिनिटं काहीच नाही. वीस मिनिटांत दोनच बस आल्या. टाइमटेबल म्हणेल, दर दहा मिनिटांनी बस, आम्ही कुठे चुकलो? पण तुम्ही केव्हाही स्टॉपवर गेलात तरी त्या अठरा मिनिटांच्या पोकळीत सापडण्याची शक्यता दहात नऊ. हिशोब केला तर सरासरी थांबणं ८.२ मिनिटं येतं. बस तेवढ्याच, ड्रायव्हर तेवढेच, डिझेल तेवढंच, आणि तुमचं ताटकळणं दीडपटीहून जास्त. शिवाय पहिली बस खचाखच भरलेली, मागची मोकळी. आपण चिडून म्हणतो, यांना एकत्र यायला कुणी सांगितलं!

सांगत कुणीच नाही. ते आपोआप होतं, आणि ते कसं होतं हे एकदा बघण्यासारखं आहे. चौकातल्या स्टॉपवर उभ्या असाल तेव्हा पुढच्या दाराकडे लक्ष ठेवा. बस थांबली. तीन माणसं पटापट चढली. चौथ्यानं पायरीवर पाय ठेवला आणि मग त्याला कार्डाची आठवण झाली. पाकीट मागच्या खिशात, मोबाईल एका हातात, डबा दुसऱ्या हातात. डबा काखेत गेला, पाकीट निघालं, कार्ड मशीनला टेकवलं, मशीननं लाल दिवा दाखवला, परत टेकवलं. मागचे पाच जण पायरीखाली उभे. तेवढ्यात पुढचा सिग्नल लाल झाला. बस एक मिनिट मागे पडली. पुढच्या स्टॉपवर त्या एका मिनिटात आणखी चार माणसं जमली, त्यांना चढायला आणखी वेळ. ती आणखी मागे. तिच्यामागच्या बसला मात्र प्रत्येक स्टॉपवर माणसंच कमी भेटतात, ती पुढे सरकत येते आणि दोघी एकमेकींना चिकटतात. १९६४ साली न्यूवेल आणि पॉट्स या दोन गणितज्ञांनी हे समीकरणात मांडून दाखवलं: एका बसला झालेला थोडासा उशीर स्टॉपागणिक कसा वाढत जातो ते.

त्यावर उपायही जगात झालेले आहेत. ब्राझीलच्या कुरितिबा शहरात १९९१पासून काचेच्या नळीसारखे स्टॉप आहेत. तिकीट आत शिरतानाच काढायचं, फलाट बसच्या उंचीचा, त्यामुळे दारात खोळंबा होत नाही. लंडनच्या बसमध्ये २०१४पासून रोख पैसे घेतच नाहीत. आपल्या हातात असलेला उपाय साधा आहे: कार्ड आधी हातात काढून ठेवायचं. आणि भरलेली बस आली आणि तिच्यामागे त्याच नंबरची दुसरी डोळ्यांना दिसत असेल, तर पहिली सोडून द्या. दिसत असेल तरच, हं. 'मागून येत असेल' या आशेवर सोडू नका.

असो. चौकातली बस तुमची डोकेदुखी नाहीच. बिघडलेल्या दिवशीसुद्धा ती तुम्हाला दहा-बारा मिनिटांनी मागे टाकेल. तुमचा दीड तास होतो तो घराजवळच्या त्या अर्ध्या तासाच्या बसमुळे. तुमचा प्रवास मी असा मांडला: घरापासून स्टॉप ७ मिनिटं, तिथे टाइमटेबल बघून गेलात तरी ५, चौकापर्यंत १०, चौकात ४ ते ८, पुढे ३० आणि शेवटी चालत ५. साधारण ६१ ते ६५. तुमचा 'तासभर' बरोबर जुळतो. ती पहिली बस दोन मिनिटं आधी निघून गेली की सरळ ३० मिनिटं वाढली. झाला दीड तास. चौदा किलोमीटरमधले पहिले अडीच किलोमीटर तुमची सकाळ खातात.

बस दर १०-१२ मिनिटांनी असेल तर टाइमटेबल लागत नाही. घरातून निघायचं, येईल ती पकडायची. त्याहून विरळ असेल तर टाइमटेबल पाठच हवं आणि एक बस चुकणं म्हणजे अख्खी सकाळ चुकणं. तुमच्या रस्त्यावर या दोन्ही जातींच्या बस एकापुढे एक लागल्यात, आणि नेमकी विरळ बस आधी आहे.

म्हणून पत्रात कंसात टाकलेलं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मिस्टर दहा मिनिटांनी त्याच चौकातून जातात! ताई, त्यांची दिशा चौकाच्या पुढे वेगळी असेल, चौकापर्यंत तर एकच आहे ना? त्यांच्या गाडीत बसून चौकात उतरलात तर हिशोब असा: गाडीत ७, चौकात ४ ते ८, पुढे ३०, चालत ५. म्हणजे ४६ ते ५० मिनिटं. नव्या स्कूटरनं ट्रॅफिक, पार्किंग, हेल्मेट काढणं-ठेवणं आणि तिथून टेबलापर्यंत जाणं धरून चाळिशीच्या आत तुम्ही पोचाल असं मला वाटत नाही. पाच-दहा मिनिटांच्या फरकासाठी कित्येक वर्षांचे हप्ते, हा सौदा मिस्टरांनाच विचारून बघा. घरातल्या घरात इतका वाद झाला आणि 'चल, चौकात सोडतो' हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

मिस्टरांची सुट्टी असेल किंवा ते बाहेरगावी असतील त्या दिवशी जुनी स्कूटर. मेकॅनिकनं जवळपास फिरवायला परवानगी दिलीच आहे. तीवरून चौकात जा, तिथे दिवसभर लावायला रीतसर जागा आहे ना ते आधी बघून ठेवा, आणि पुढे बस. जवळच्या स्टॉपचा मोह सोडायचा आणि जिथून सारख्या बस सुटतात तो स्टॉप गाठायचा. बसनं रोज जाणारे मुरलेले लोक हेच करतात.

आता घरातल्या दोन पक्षांकडे. आबा म्हणतात, आम्ही हयातभर बसनंच गेलो. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना विचारा: आबा, तुमच्या वेळी बस किती वेळानं यायची? मध्ये बदलावी लागायची का? ऑफिसच्या दारात उतरायचा, की पुढे चालायला लागायचं? मला दाट शंका आहे की एकच बस, घरापासून थेट, असं काहीतरी उत्तर येईल. मग त्यांचा अनुभव खरा आणि तुमचा त्रासही खरा. दोघांच्या बस वेगळ्या आहेत, इतकंच. आणि त्यांना सवय असेल तर हेही सांगतील की ते ठरलेल्या बसच्या आधीची बस धरायचे.

मिस्टरांचं 'वेळ म्हणजे पैसा' मला फारसं पटत नाही. वाचलेल्या दहा मिनिटांचे तुमच्या पगारात किती जमा होतात? वेळेला मोल आहेच, पण ते दमण्याचं, झोपेचं, चिडचिडीचं मोल आहे, ते तसंच मोजावं. आणि त्यांनी एक गोष्ट मोजलेलीच नाही. दुचाकीवरच्या माणसाला रस्त्यावर असलेला धोका बसमधल्या माणसापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. हे कुठल्याही देशातल्या अपघातांच्या आकड्यांत दिसतं. पंचवीस मिनिटं वाचवून तीस किलोमीटरची दगदग अंगावर घ्यायची असती तर गोष्ट वेगळी होती. इथे पाच-दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

साहेबांचं घड्याळ. उशीर सरासरीनं होत नाही, तो वाईट दिवशी होतो. तुम्हाला रोज ४८ मिनिटं लागतात का, हे साहेब विचारणार नाहीत. ते पाहतात की त्या एका दिवशी ६० लागली. म्हणून निघण्याची वेळ चांगल्या दिवसावरून ठरवू नका. आठवडाभर घरातून निघाल्यापासून टेबलाशी बसेपर्यंतची वेळ रोज लिहा, सर्वांत वाईट दिवसाचा आकडा घ्या आणि त्या हिशोबानं निघा. बाकीच्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचाल. ती दहा मिनिटं वाया गेली असं वाटलं तरी चालेल. नोकरी नवी आहे तोवर ती गुंतवणूक समजा. साहेबांना आधीच मोकळेपणानं सांगता आलं तर तेही सांगा: मी बसनं येते, अमुक वेळेला पोचेन, क्वचित पाच मिनिटं इकडेतिकडे होतील. न सांगता झालेला उशीर बेफिकिरी वाटते, सांगून झालेला तसा वाटत नाही.

संध्याकाळचं काय? संध्याकाळी घड्याळ बघणारं कुणी नाही, त्यामुळे थोडं थांबणं खपतं. पण चौकातून घरी जाणारी तीच अर्ध्या तासाची बस आहे, आणि उशिरा तिच्या फेऱ्या आणखी विरळ होत असतील. तिची शेवटची वेळ फोनमध्ये लिहून ठेवा. बस कुठे आली हे दाखवणारं ॲप असेल तर चौकात उतरण्याआधीच बघा. पंधरा मिनिटांत येत असेल तर थांबा, नसेल तर अडीच किलोमीटर टॅक्सी किंवा, अंधार नसेल आणि अंगात ताकद असेल तर, अर्धा तास चालणं. अंधारात निर्जन स्टॉपवर पैसे वाचवायला उभं राहू नका. टॅक्सीचे पैसे आपण मघाशीच धरलेत.

हे सगळं करूनही नवी स्कूटर घ्यावी लागेल अशा दोन-तीन गोष्टी आहेत. मिस्टरांची वेळ किंवा ऑफिस बदललं. तुमचं काम दिवसभर ठिकठिकाणी फिरण्याचं झालं. घरी कुणाच्या आजारपणासाठी तुम्हाला मध्येच परतावं लागायला लागलं. बस ठरलेल्या रस्त्यानं ठरलेल्या वेळी सगळ्यांसाठी धावते. फ्रान्सच्या पास्कालनं, हो, तोच गणितातला पास्काल, १६६२मध्ये पॅरिसात घोड्यांच्या सार्वजनिक गाड्या सुरू करवल्या, तेव्हाही कल्पना हीच होती: रस्ता ठरलेला, वेळ ठरलेली, आणि गाडी रिकामी असली तरी सुटणार. तिचं सगळं स्वस्तपण त्यात आहे आणि सगळी गैरसोयही त्यातच आहे. ती तुमच्यासाठी वळणार नाही. तुमचा दिवस रोज वेगळ्या दिशेला वळायला लागला, तर खुशाल स्कूटर घ्या आणि आबांना माझं नाव सांगा.

तोवर तीन महिने असं करा. स्कूटर घेतली असती तर जो हप्ता गेला असता तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. टॅक्सी आणि पास त्यातूनच भरा. तीन महिन्यांनी खात्यात काय उरलंय आणि तुम्ही किती दमलात, या दोन गोष्टी समोर ठेवून तिघांनी बसून ठरवा. घरात रोज चर्चा नको. चर्चेला तारीख द्या.

ता. क. मधला प्रश्न. वाचताना मळमळतं कारण डोळे पानावर स्थिर असतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय. दोघांची साक्ष जुळत नाही. त्यामुळे बसमध्ये पुस्तक वाचा, वेळ सत्कारणी लावा, हा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. गर्दीत दांडीला लटकून कुणी वाचतही नाही. मागच्या चाकाच्याही मागे असलेल्या सीटवर बसू नका, तिथे हादरे आणि झोले सगळ्यात जास्त बसतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली, पुढे तोंड करून असलेली सीट मिळाली तर ती घ्या, आणि नजर समोरच्या काचेतून लांब ठेवा. उलट्या तोंडाची सीट टाळा. ऐकायला काही आवडत असेल तर ते ऐका. मेसेजसुद्धा बस सिग्नलला उभी असतानाच वाचा. एवढं करूनही त्रास होत राहिला तर डॉक्टरांना विचारा, पण ज्या गोळ्यांनी झोप येते त्या सकाळी ऑफिसला जाताना घेऊ नका.